स्फटिकाचा जन्म पाहताना

काही वर्षांपूर्वी शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आठवीतील एका विद्यार्थ्याने मोरचुदाचा स्फटिक वाढविण्याचा प्रयोग निवडला होता. गरम पाण्यात मावेल तेवढे मोरचूद विरघळवायचे, द्रावण गाळून काचेच्या भांड्यात ठेवायचे, दोऱ्याला मोरचुदाचा एक लहानसा खडा बांधून त्यात सोडायचा आणि वाट पाहायची, एवढाच तो प्रयोग. आम्ही इतिहासाचे शिक्षक. परंतु त्या आठवड्यात वसतिगृहाची रात्रीची देखरेख आमच्याकडे होती. रात्री अकराच्या सुमारास प्रयोगशाळेत दिवा दिसला म्हणून गेलो, तर हा विद्यार्थी पट्टी आणि भिंग घेऊन भांड्यासमोर बसलेला. त्याला स्फटिक वाढताना पाहायचा होता. समजूत घालून त्याला झोपावयास पाठविले. सकाळी निळा खडा स्पष्टपणे मोठा झालेला होता. तो विद्यार्थी मात्र हिरमुसला होता. तो म्हणाला, “सर, मी पाहत होतो तोवर तो वाढलाच नाही. मी झोपल्यावर वाढला.”

“वाढ फार हळू होते, म्हणून दिसत नाही,” असे उत्तर आम्ही त्याला दिले. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण अपुरे होते. त्या खड्याची वाढ हळू होती हे खरे. परंतु जिथे ती प्रत्यक्षात घडत होती, ते ठिकाण भिंगाच्या आवाक्याबाहेर होते हे त्याहून महत्त्वाचे. त्या मुलाला जे पाहायचे होते, तेच पाहण्यासाठी जगातील काही प्रयोगशाळांनी गेल्या दोन दशकांत विलक्षण खटाटोप केला आहे, हे आम्हांला पुढे वाचनातून समजले. तो वृत्तांत या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांसमोर ठेवावा असे वाटते.

अवशेष आणि घटना

इतिहासाच्या अभ्यासकाला घटना कधीच दिसत नाही. दिसतात ते तिचे अवशेष. नाणे सापडते, शिलालेख सापडतो, पडक्या भिंतीचा पाया सापडतो. आणि त्यांवरून काय घडले असावे याची मांडणी आपण करतो. मांडणी कितीही काळजीपूर्वक केली तरी एक अडचण उरते. तेच अवशेष दोन वेगवेगळ्या घटनाक्रमांतूनही मागे राहू शकतात.

स्फटिकशास्त्राची स्थितीही दीर्घकाळ अशीच होती. स्फटिक म्हणजे ज्याचे अणू, आयन किंवा रेणू एका ठरावीक रचनेत, ओळीने आणि थराने मांडलेले आहेत असा घन पदार्थ. मीठ, साखर, हिरा, लोखंड, आपल्या हाडांतील खनिज हे सारे स्फटिकच. द्रावणातून ते कसे तयार होतात हे पाहण्यासाठी शास्त्रज्ञ प्रयोग मधेच थांबवीत, थेंब काढून वाळवीत आणि उरलेले कण सूक्ष्मदर्शकाखाली तपासत. दहा मिनिटांनंतरचा नमुना, वीस मिनिटांनंतरचा नमुना, अशी मालिका मांडून मधल्या काळात काय घडले याचा तर्क केला जाई. पहिल्या नमुन्यातील कण आणि दुसऱ्या नमुन्यातील कण एकच नसत. एका गावाच्या दोन जनगणनांवरून एका माणसाचे चरित्र लिहिण्यासारखाच हा प्रकार होता.

या पद्धतीतून उभा राहिलेला एक प्रसिद्ध सिद्धान्त कोलंबिया विद्यापीठातील व्हिक्टर लामेर आणि रॉबर्ट डिनेगार यांनी १९५० मध्ये मांडला. त्यांनी अभ्यासले होते ते गंधकाचे सूक्ष्म कण. त्यांच्या मते द्रावणातील पदार्थाचे प्रमाण वाढत जाऊन एका मर्यादेपलीकडे गेले की थोड्या वेळात एकदमच असंख्य स्फटिकबीजे जन्मतात. तेवढ्याने द्रावणातील प्रमाण खाली येते, नवी बीजे तयार होणे थांबते आणि आधी जन्मलेली बीजे द्रावणातील सुटे अणूरेणू एकेक करून स्वतःला जोडून घेत सारखी वाढतात. सर्व कण एकाच वेळी जन्मले म्हणून सर्वांचा आकार सारखा, असे हे स्पष्टीकरण. ते सुबक होते आणि अनेक ठिकाणी उपयोगीही पडले. मात्र एका कणाचे आयुष्य जन्मापासून अखेरपर्यंत तोवर कोणी पाहिलेले नव्हते.

नॅनो म्हणजे किती लहान

नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारणतः ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. सोन्याचे तीन-चार अणू शेजारी शेजारी ठेवले की एक नॅनोमीटर भरतो. म्हणजे पाच नॅनोमीटरचा सुवर्णकण हा काही हजार अणूंचा समूह होय.

इतक्या लहान कणाला वेगळे महत्त्व का? कारण त्या पातळीवर पदार्थाचे गुणधर्म त्याच्या आकारमानावर अवलंबून राहू लागतात. १८५७ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये सोन्याचे अतिसूक्ष्म कण असलेली द्रवे तयार केली. ती पिवळी नव्हती, माणकासारखी लाल होती. सोने तेच, कणाचे आकारमान बदलले की रंग बदलतो, हे फॅरडे यांनी ओळखले. परंतु त्यांना ते कण दिसणे शक्य नव्हते. कॅडमियम सेलेनाइड या पदार्थाचे सुमारे दोन नॅनोमीटरचे कण निळसर प्रकाश देतात, तर सहा नॅनोमीटरच्या आसपासचे लाल. अशा ‘क्वांटम डॉट’ नावाच्या कणांचा शोध आणि त्यांची निर्मिती यांसाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मौंगी बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना देण्यात आले.

गुण जर आकारमानावर ठरत असतील, तर आकारमान कसे ठरते हा प्रश्न केवळ कुतूहलाचा राहत नाही.

प्रकाशाची मर्यादा

मग ते पाहायचे कसे? जर्मनीतील येना येथील एर्न्स्ट आब्बे यांनी १८७३ मध्ये दाखवून दिले होते की, भिंगे कितीही उत्तम घासली तरी साध्या सूक्ष्मदर्शकाला एक मर्यादा आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४०० ते ७०० नॅनोमीटर असते. म्हणून साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्यातून वेगळे दिसत नाहीत. जाड बोरूने बारीक अक्षर काढता येऊ नये, तसे हे आहे. पाच नॅनोमीटरचा स्फटिक या मर्यादेच्या चाळीसपट खाली असतो.

यातून वाट काढली ती इलेक्ट्रॉनने. लुई द ब्रॉय्य यांनी १९२४ मध्ये इलेक्ट्रॉनलाही तरंगलांबी असते असे प्रतिपादन केले. बर्लिनमध्ये माक्स क्नोल आणि एर्न्स्ट रुस्का यांनी १९३१ मध्ये काचेच्या भिंगांऐवजी चुंबकीय वेटोळ्यांनी इलेक्ट्रॉनचा झोत एकवटून पहिला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक उभारला. रुस्का यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले ते १९८६ मध्ये, म्हणजे पंचावन्न वर्षांनंतर. दोन लाख व्होल्टच्या दाबाने धावणाऱ्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी सुमारे ०.००२५ नॅनोमीटर भरते. चुंबकीय भिंगांतील दोषांमुळे या लांबीचा पुरता लाभ मिळत नाही. तरीही आजचे उत्तम सूक्ष्मदर्शक अणूंच्या रांगा वेगळ्या दाखवू शकतात. या प्रकारात झोत नमुन्याच्या आरपार जातो आणि पलीकडे त्याची छाया उमटते. म्हणून नमुना अत्यंत पातळ असावा लागतो.

पाणी आणि निर्वात

येथे मोठी अडचण उभी राहते. वाटेत हवेचे रेणू असले तर त्यांवर आदळून इलेक्ट्रॉन विखुरतात, म्हणून सूक्ष्मदर्शकाची नळी निर्वात ठेवावी लागते. निर्वातात पाण्याचा थेंब ठेवला तर तो क्षणात वाफ होऊन जातो. स्फटिक मात्र जन्मतो द्रावणात. ज्या घरात त्याचा जन्म होतो, त्या घरासह त्याला आत नेता येत नव्हते. म्हणूनच दशकानुदशके शास्त्रज्ञ वाळलेले अवशेष पाहत राहिले.

यावर तोडगा निघाला तो संगणकाच्या चिप बनविण्याच्या कारागिरीतून. सिलिकॉनच्या दोन चकत्या घेऊन प्रत्येकीच्या मध्यभागी सिलिकॉन नायट्राइडची, काही दशक नॅनोमीटर जाडीची खिडकी ठेवायची. दोन्ही चकत्या समोरासमोर चिकटवायच्या आणि मधल्या फटीत द्रावण भरून कडा बंद करायच्या. खिडकी इलेक्ट्रॉन आरपार जाण्याइतकी पातळ आणि निर्वाताचा ताण सोसण्याइतकी मजबूत. अशी ही बंद कुपी. अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेतील फ्रान्सिस रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये अशा कुपीत विजेच्या साहाय्याने तांब्याचे कण साचत असतानाची चलचित्रे प्रसिद्ध केली. २०१२ मध्ये बर्कली येथील संशोधकांनी खिडकीसाठी ग्राफीन वापरले. ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूइतक्या जाडीचा पडदा. दोन पडद्यांमध्ये द्रावणाचा लहानसा फुगा अडकवला की खिडकीचा अडथळा जवळजवळ नाहीसा होतो आणि कणातील अणूंची मांडणीही दिसू लागते.

पडद्यावर काय दिसले

२००९ मध्ये बर्कली येथील हायमेई झेंग, पॉल अलिव्हिसाटोस आणि सहकाऱ्यांनी प्लॅटिनमच्या कणांची वाढ प्रत्यक्ष पाहिली. द्रावणाचा थर होता सुमारे २०० नॅनोमीटर जाडीचा. त्यात प्रत्येक कणाचा स्वतंत्रपणे पाठलाग करता आला. काही कण सिद्धान्तात सांगितल्याप्रमाणे सुट्या अणूंची भर पडून वाढत होते. काही मात्र दुसऱ्या कणाला भेटून त्याच्याशी एकजीव होत होते. अशा मीलनानंतर नवा कण काही काळ वाढ थांबवून आपला आकार गोलसर करून घेई आणि तेवढ्या अवधीत इतर कण त्याला गाठत. कणांचा जन्म वेगवेगळ्या वेळी झाला, वाटाही वेगळ्या होत्या. तरी शेवटी आकारमान जवळपास सारखे झाले. केवळ शेवटचा नमुना पाहणाऱ्याने ‘सर्व एकाच वेळी जन्मले आणि एकाच रीतीने वाढले’ असा निष्कर्ष काढला असता. अवशेष एकच, घटनाक्रम दोन, असे आम्ही आरंभी म्हटले ते यासाठीच.

दुसरा प्रयोग २०१२ चा. डाँगशेंग ली, जिलियन बॅनफिल्ड, जेम्स डी योरिओ आणि सहकाऱ्यांनी गंजाच्या कुळातील एका लोहसंयुगाचे सूक्ष्म कण द्रावणात पाहिले. दोन कण जवळ आले म्हणजे लगेच चिकटत नव्हते. ते एकमेकांभोवती फिरत, वळत, दूर जात आणि पुन्हा जवळ येत. दोघांतील अणूंच्या रांगा एका दिशेत जुळल्या की उरलेले एक नॅनोमीटरहूनही कमी अंतर एका झेपेत ओलांडून ते जोडले जात. त्यानंतर सांध्याच्या बिंदूपासून अणू भरत जाऊन फट बुजे आणि दोघांचा एकच स्फटिक होई. असे जुळणे घडत असावे हे बॅनफिल्ड आणि ली पेन यांनी १९९८ मध्ये तयार कणांवरून अनुमानाने सांगितलेच होते. येथे अनुमान खरे ठरले. जुळण्याआधीची ती शोधाशोध मात्र प्रथमच दिसली.

तिसरे उदाहरण आकाराचे. स्फटिकाला घनाचा आकार का येतो, याचे परंपरागत उत्तर गेऑर्ग वुल्फ यांच्या १९०१ मधील नियमावर आधारलेले होते. ज्या पृष्ठाची ऊर्जा अधिक, ते झपाट्याने वाढून नाहीसे होते; कमी ऊर्जेची पृष्ठे शिल्लक राहतात. २०१४ मध्ये झेंग यांच्या गटाने प्लॅटिनमचा घन घडताना पाहिला, तेव्हा आरंभी निरनिराळी पृष्ठे जवळपास सारख्याच वेगाने वाढत होती. मग घनाच्या सहा बाजू होणार असलेल्या पृष्ठांची वाढ एकाएकी थांबली आणि उरलेल्या दिशांनी वाढ चालू राहून कडा व कोपरे भरले गेले. कारण शोधता असे आढळले की, द्रावणातील लांब शेपटीचे सेंद्रिय रेणू कणाला आवरणासारखे चिकटतात. त्या विशिष्ट पृष्ठांवर ते सहजी हलत नाहीत आणि नव्या अणूंना वाट देत नाहीत. मोठ्या स्फटिकांचा नियम लहान स्फटिकांना जसाच्या तसा लागू होईल, हे गृहीतक येथे टिकले नाही.

आणि जन्माच्या क्षणाचे काय? २०२१ मध्ये दोन गटांचे काम प्रसिद्ध झाले. अमेरिका व दक्षिण कोरियातील संशोधकांनी ग्राफीनच्या पडद्यावर सोन्याचे अणू गोळा होताना पाहिले. अणूंचा पुंजका एकदाच शिस्तीत येऊन तसाच राहतो असे घडत नव्हते. तो शिस्तीत येई, पुन्हा विस्कटे, पुन्हा शिस्तीत येई. पुंजका मोठा होत गेला तशी शिस्त अधिकाधिक काळ टिकू लागली आणि एका टप्प्यानंतर मोडेनाशी झाली. याचे कारण समजण्यासारखे आहे. इवल्याशा पुंजक्यात बहुतेक अणू पृष्ठभागावर असतात, त्यांना आधार देणारे शेजारी कमी पडतात. टोकियो विद्यापीठातील संशोधकांनी तर निमुळत्या कार्बन नळीत आपल्या रोजच्या मिठाचा स्फटिक जन्मताना सेकंदाला २५ चित्रे या वेगाने टिपला. काही डझन घटकांचा आकारहीन पुंजका हलत-डुलत राहतो आणि त्यातून अचानक चौकोनी मांडणी उभी राहते, असे त्या चित्रांत दिसते. मिठागरात वर्षानुवर्षे अब्जावधी वेळा घडणारी ही घटना माणसाने इतक्या जवळून पाहिली ती अगदी अलीकडे.

साक्षीदाराचा हस्तक्षेप

येथवरचा वृत्तांत वाचून कोणी म्हणेल, आता तर्काची गरजच काय, सारे डोळ्यांनी दिसते आहे. तसे मानणे मात्र चूक ठरेल.

ज्या झोताने आपण पाहतो तो निरुपद्रवी नसतो. वेगवान इलेक्ट्रॉन पाण्यातून जाताना पाण्याचे रेणू फोडतात. त्यातून हायड्रोजन, हायड्रॉक्सिल मूलके आणि पाण्यात वावरणारे सुटे इलेक्ट्रॉन तयार होतात. हे सुटे इलेक्ट्रॉन द्रावणातील धातूच्या आयनांना मिळाले की धातूचे अणू सुटतात आणि स्फटिक वाढू लागतो. वर सांगितलेल्या प्लॅटिनमच्या प्रयोगांत वाढ सुरू करणारा झोतच होता. म्हणजे साक्षीदार घटनास्थळी नुसता उभा नव्हता, घटना घडविण्यात त्याचा हात होता. शिवाय कुपीतील द्रावणाचा थर इतका पातळ की खिडकीच्या भिंतीही कणांवर परिणाम करतात. आणि पडद्यावर दिसते ती घन वस्तूची सपाट छाया.

या क्षेत्रातील जबाबदार संशोधक ही गोष्ट लपवीत नाहीत, उलट तिचा हिशोब मांडतात. झोताची तीव्रता कमी-अधिक करून वाढीचा वेग बदलतो का, हे तपासतात. मधूनमधून झोत बंद ठेवून अंधारात काय घडले ते पाहतात. तेच द्रावण झोताविना साध्या चंबूत ठेवून तेथील कणांशी तुलना करतात. संगणकावरील गणिताशी ताळा पाहतात. कमी इलेक्ट्रॉनमध्ये अधिक चित्रे टिपणारे कॅमेरे वापरून नमुन्यावरचा भार हलका करतात. एवढे सारे जुळले, तरच ‘हे निसर्गात असे घडत असावे’ असे म्हणतात.

इतिहासाच्या वर्गात आम्ही मुलांना सांगतो की बखर वाचताना बखरकार कोणाच्या पदरी होता ते आधी विचारा. सूक्ष्मदर्शकालाही हाच प्रश्न विचारावा लागतो, आणि तो विचारण्यात सूक्ष्मदर्शकाचा अपमान नाही. डोळ्यांनी पाहिलेलेही तपासून घ्यावे लागते, ही शिकवण प्रयोगशाळेतून इतक्या स्पष्टपणे येते, याचे आम्हांला विशेष वाटते.

हे कशासाठी

या साऱ्याचा सामान्य माणसाशी संबंध काय, असा प्रश्न पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मोटारीच्या धुरातील विषारी वायू कमी करणाऱ्या उपकरणात प्लॅटिनम वापरतात. हा धातू अतिशय महाग. आणि काम करतात ते केवळ पृष्ठभागावरचे अणू. कण योग्य आकारमानाचा आणि योग्य आकाराचा घडवता आला, तर थोड्या धातूत तेवढेच काम होऊ शकते. भ्रमणध्वनी आणि विजेवरच्या दुचाकीतील लिथियम बॅटरीचे उदाहरण तर आणखी जवळचे. भारण करताना प्रतिकूल परिस्थितीत लिथियम धातूचे काटे आतल्या आत वाढू शकतात. असा काटा मधला पडदा भेदून पलीकडे पोचला की आतच विजेचे मंडल जुळते, बॅटरी तापते आणि आग लागू शकते. हे काटे कोठे रुजतात आणि कशाने थांबतात हे पाहण्यासाठी याच कुपीच्या पद्धतीने प्रयोग चालू आहेत. आपली हाडे आणि दात यांतील खनिजही नॅनोमीटरच्या मापाचेच स्फटिक असते. ते शरीरात कसे रचले जाते, हाही याच शास्त्राचा विषय आहे.

या लेखातील रसायनशास्त्र आमच्या अधिकारातील नाही. जेवढे नीट समजले तेवढेच लिहिले आहे. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज प्रयोगशाळांत, महाविद्यालयांत, कारखान्यांत काम करीत आहेत, त्यांनी सुट्टीत शाळेत यावे आणि यापुढचा पाठ मुलांना स्वतः द्यावा, ही विनंती. मोरचूद आणि काचेचे भांडे शाळेत आहेच.

त्या विद्यार्थ्याला द्यावयाचे उत्तर मात्र आता आम्ही थोडे निराळे देऊ. बाळ, तू पाहत होतास तेव्हाही तो स्फटिक वाढतच होता. त्याच्या पृष्ठावर कण येत होते, काही टिकत होते, काही परत जात होते. येणारे अधिक होते म्हणून सकाळी खडा मोठा दिसला. तुझे पाहणे कमी पडले नाही, भिंग कमी पडले. ज्यांनी त्याहून चांगले भिंग केले, त्यांनाही आपल्या पाहण्याची झडती घ्यावी लागली. तू त्या रात्री भांड्यासमोर बसलास ते योग्यच केलेस. आणि आम्ही तुला झोपायला पाठविले, तेव्हा तुझा प्रश्न वहीत लिहून ठेवायला सांगावयास हवे होते.